कानामागची शिवण

गणपतीला आपण शूर्पकर्ण म्हणतो. शूर्प म्हणजे सूप. सूप फोल उडवते आणि दाणा ठेवते, तसे हे कान ऐकलेल्यातले निवडून घेतात, असा अर्थ कीर्तनकार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मोठ्या कानाचे माणूस भाग्याचे, असे म्हणणारी आजीही अजून बऱ्याच घरांत सापडेल. पण त्याच घरातले पोर तिसरी-चौथीत गेले आणि मागच्या बाकावरून कुणी ‘सुपकान्या’ अशी हाक मारली, की तो शब्द देवाचे नाव राहत नाही. मग केस कानांवर वाढू लागतात, फोटो काढताना मान तिरकी होते, मुलगी असेल तर केस वर बांधायला नकार मिळतो. पुढे कधीतरी, शाळा संपताना किंवा पहिला पगार हाती आल्यावर, कान मागे घेण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी सुरू होते. डॉक्टर तिला ओटोप्लास्टी म्हणतात. घरात मात्र वाद एकाच खुंटाभोवती फिरत राहतो: ही गरज की शौक? हा खुंटच मला चुकीच्या जागी ठोकलेला वाटतो. गरज आणि शौक यांची सीमा कुणालाच नीट आखता आलेली नाही, आणि आखता आली तरी तिच्यावरून निर्णय होत नाही. कान ज्या पदार्थाचा बनला आहे त्या पदार्थाकडे आधी पाहावे. तो म्हणजे कूर्चा. वाकवली की वाकते, सोडली की परत जागेवर येते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे काम तासा-दोन तासांचे असते. पण कूर्चेला नवी घडी मानायला लावण्याचे काम पुढचे काही आठवडे चालते आणि ते ज्याचा कान त्यालाच करावे लागते. त्या आठवड्यांचा हिशेब ज्याला समजला आणि पटला, त्याने ही शस्त्रक्रिया खुशाल करावी. ज्याला तो समजला नाही त्याने निदान तूर्त थांबावे, मग कान कितीही पुढे आलेले असोत.

आधी कान पुढे का येतात ते पाहू. आरशासमोर उभे राहून कानाच्या वरच्या भागाला मागून बोट लावून तो हलकेच डोक्याकडे दाबला, की कानाच्या पृष्ठभागावर एक उभी वळी उठून येते. बाहेरच्या गुंडाळलेल्या कडेला समांतर धावणारी आणि वर गेल्यावर दोन फाटे फुटणारी ही वळी बहुतेकांच्या कानावर जन्मापासून असते. ज्यांचे कान पुढे आलेले असतात त्यांच्यात ती पुरती पडलेलीच नसते. मुरड घालायची राहून गेलेल्या करंजीसारखा कान उघडा राहतो. दुसरे कारण कानाच्या भोकाभोवतीची खोलगट वाटी. ती गरजेपेक्षा खोल असली की सगळा कान डोक्यापासून दूर ढकलते. अनेकांत दोन्ही कारणे एकत्र असतात, आणि काहींची खालची मऊ पाळीही बाहेर झुकलेली असते. मापात सांगायचे तर कानाची कड डोक्यापासून साधारण १५ ते २० मिलिमीटरवर असते, आणि कान व डोके यांच्यातला कोन २० ते ३० अंशांचा. याच्या बरेच पुढे गेले की बघणाऱ्याची नजर तिथे अडकते. दोन्ही कान एकमेकांशी तंतोतंत जुळणारे कुणाचेच नसतात, हे मात्र शस्त्रक्रियेच्या विचारात असलेल्याने आधीच मनाशी पक्के करावे, कारण नंतर आरशात पट्टी धरून मोजण्याचा मोह होतो.

या ठेवणीचा श्रवणशक्तीशी संबंध नाही. ऐकण्याची यंत्रणा आत, कवटीच्या हाडात सुरक्षित असते आणि या शस्त्रक्रियेत तिला हात लागत नाही. तरी बाहेरचा कान अगदीच शोभेचा नसतो. आवाज वरून आला की खालून, हे मेंदू त्याच्या वळ्यांवरून ओळखतो. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही माणसांच्या कानाच्या वाटीत साचे बसवून तिचा आकार बदलला, तेव्हा आवाजाची उंची ओळखण्यात त्यांची चूक होऊ लागली. पण काही आठवड्यांत ती माणसे नव्या आकारानिशी नीट ओळखू लागली, आणि साचे काढल्यावर जुना सरावही शाबूत निघाला. ओटोप्लास्टीत कानाचा आकार बदलतो तो याहून बराच सौम्यपणे. तेव्हा ‘पोराला ऐकू कमी येईल’ ही आजोबांची भीती बाजूला ठेवता येते.

कूर्चेशी माणसाने कसकशी तडजोड केली त्याचा इतिहास बोलका आहे. जर्मन शल्यविशारद डिफेनबाख यांनी १८४५ मध्ये इजेनंतर पुढे आलेला कान मागे घेतल्याचे वर्णन केले. १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या एडवर्ड एली यांनी जन्मतःच पुढे आलेल्या कानांवर शस्त्रक्रिया केली. रोगी १२ वर्षांचा मुलगा होता आणि शाळेतली पोरे त्याला चिडवत होती. (मागचा बाक सगळीकडे सारखाच.) त्या काळची रीत अशी, की कानामागची कातडी आणि थोडी कूर्चा कापून काढायची आणि कान मागे खेचून शिवायचा. यात दोष उघड होता. मुरड पडलेलीच नाही त्या कानाला नुसते खेचून बांधले, तर सगळा ताण कातडीवर येतो. कातडी सैल पडत जाते आणि कूर्चा आपल्या जुन्या जागी निघते. १९१० मध्ये ल्यूकेट यांनी नेमके दुखणे ओळखले: कान दूर आहे, कारण घडी नाही, तेव्हा घडी घातली पाहिजे. त्यांनी घडीच्या रेषेवर कूर्चा कापून ती शिवली. कान मागे आला, पण कापलेल्या कडेची धार समोरून दिसे. पुढे १९५० च्या दशकात गिब्सन आणि डेव्हिस यांनी कूर्चेचा एक वेगळाच स्वभाव दाखवून दिला. तिच्या दोन्ही पृष्ठभागांत ताण कोंडलेला असतो आणि एरवी हे दोन ताण एकमेकांना तोलून धरतात. एका बाजूला ओरखडे काढले की तो तोल सुटतो आणि कूर्चा आपोआप उलट्या बाजूला वळते. या गुणाचा वापर करून १९६३ मध्ये स्टेनस्ट्रॉम यांनी कूर्चेची पुढची बाजू खरवडून ती मागे वळवण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी मुस्टार्डे यांनी कूर्चा न कापता मागून कायमचे टाके घालून घडी उभी करण्याची पद्धत दिली, आणि १९६८ मध्ये फर्नास यांनी खोल वाटी कानामागच्या हाडाच्या आवरणाला टाक्यांनी बांधली. आज जगभर, आपल्याकडेही, होते ते बहुतांशी याच तिघांच्या रीतींचे मिश्रण.

या क्रमात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कापून जबरदस्तीने मागे नेण्यापासून सुरुवात झाली आणि कूर्चेचा कल ओळखून तिला वळवण्यापर्यंत मजल आली. तरीही तिचा परत येण्याचा कल पुरता मोडलेला नाही. मुस्टार्डे पद्धतीतले टाके न विरघळणारे असतात ते याचसाठी. ते कातडीखाली जन्मभर राहतात, पण पहिले काही आठवडे सगळा भार त्यांच्यावरच असतो. नंतर त्यांच्या आजूबाजूला वणाचे घट्ट धागे तयार होतात आणि घडी त्या धाग्यांच्या आधाराने टिकते. हे धागे धरण्याआधी कान पुढच्या बाजूला जोरात ओढला गेला, तर टाका कूर्चेतून सुरीसारखा कापत बाहेर येतो. नंतरचे सगळे पथ्य या एका वाक्यात आहे. बाकीचे तपशील त्याचीच फोड.

शस्त्रक्रिया स्वतः फार नाट्यमय नसते. लहान मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांचे काम पुष्कळदा कानाभोवती इंजेक्शन देऊन, जागेपणी होते. चीर कानामागच्या खोबणीत घेतात, त्यामुळे वण समोरून दिसत नाही. शेवटी कानाच्या वळ्यांत ओशट कापूस किंवा गॉज बसवून डोक्याभोवती जाड पट्टी बांधतात. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पूर्ण भूल दिलेल्या मुलांना कानाच्या शस्त्रक्रियेनंतर मळमळ आणि उलट्यांचा त्रास इतर अनेक शस्त्रक्रियांपेक्षा जास्त होतो, हे भूलतज्ज्ञांना ठाऊक असते आणि ते त्यावर औषध देतात. पण पालकांना कुणी सांगितलेले नसते, म्हणून पहिल्या रात्री घरची माणसे घाबरतात. उमासे येऊन रक्तदाब चढतो आणि ताज्या जखमेतून रक्त झिरपू शकते, म्हणून ओकारी थांबवण्याला इथे महत्त्व आहे. घरी आल्यावर लगेच भरपेट जेवू घालण्याचा आग्रह त्या रात्रीपुरता आवरावा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्या गोष्टीला खरोखर भ्यायला हवे ती समजण्यासाठी कोल्हापूरच्या तालमीतल्या जुन्या पैलवानाचा कान आठवावा: जाड, गाठाळलेला, वळ्या बुजून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झालेला. आखाड्यात तो मानाची खूण मानला जातो. तो तसा होतो तो घासाघाशीत कानात रक्त साकळल्यामुळे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटून असलेल्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. रक्ताची गाठ या दोहोंच्या मध्ये साचली की आवरण उचलले जाते, कूर्चेचे पोषण तुटते आणि ती मरून तिच्या जागी वेडीवाकडी जाड कूर्चा वाढते. शस्त्रक्रियेनंतर पट्टीखाली असेच रक्त साकळू शकते. दोन्ही कान सारखे ठसठसणे स्वाभाविक आहे आणि ते साध्या वेदनाशामकाने दबते. पण एकाच कानाचे दुखणे तासागणिक वाढत जाणे, गोळी घेऊनही न थांबणे, पट्टीवर ताजे रक्त पसरणे, ही लक्षणे दिसली तर ‘सकाळ होऊ दे, मग बघू’ म्हणण्याची सोय नाही. त्याच रात्री डॉक्टरला फोन करायचा, आणि पट्टी उघडून बघा असा आग्रह धरायचा. काही दिवसांनी वास, पू, ताप, लालसर तापलेला कान दिसू लागला तर तो जंतुसंसर्ग. तो कूर्चेत उतरला की बरा व्हायला कठीण असतो, म्हणून तिथेही वेळ दवडू नये. ही संकटे क्वचितच येतात. पण आली तर त्यांचा निकाल काही तासांत लागतो, आणि ते ओळखणारा माणूस त्या वेळी घरात असतो, रुग्णालयात नसतो.

पुढचे दिवस कंटाळ्याचे. पट्टी साधारण आठवडा-दहा दिवस राहते. कोणी डॉक्टर लवकर काढतात, कोणी नंतर. तोवर डोक्यावरून अंघोळ नाही. झोपताना दोन उशा घेऊन पाठीवर झोपायचे, कुशीवर वळायचे नाही. सदरा बटणांचा घालायचा, डोक्यावरून ओढायचा टी-शर्ट कपाटात. पट्टी निघते त्या दिवशी बऱ्याच जणांचा विरस होतो. कान सुजलेले, जांभळट, आणि डोक्याला जरा जास्तच चिकटल्यासारखे दिसतात. हात लावला तर बधिर. ही सूज काही आठवड्यांत उतरते, बधिरपणा जायला महिने लागू शकतात, आणि अंतिम आकार ठरायला सहा महिने धरून चालावे. पट्टीनंतर रात्री झोपताना कपाळावरून कान झाकणारा हेडबँड चार ते सहा आठवडे लागतो. टेनिसपटू घालतात तसला साधा पट्टा चालतो. झोपेत कूस बदलताना उशीत अडकून कान पुढे मुडपला जाऊ नये एवढेच त्याचे काम, आणि ते काम दिवसाच्या कोणत्याही औषधापेक्षा मोठे आहे. शाळा-कचेरी आठवडा-दोन आठवड्यांत सुरू होते, पोहणे महिना-दीड महिन्याने, आणि कबड्डी, कुस्ती, फुटबॉल असे अंगाला अंग भिडणारे खेळ तीन महिन्यांनी.

आपल्याकडच्या दोन अडचणी परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाहीत. एक हेल्मेट. पुण्या-नाशकात नोकरीला जायचे म्हणजे दुचाकी, आणि हेल्मेट चढवताना-उतरवताना त्याच्या आतल्या गादीला घासून कान नेमका पुढे मुडपतो. ताज्या टाक्यांना जे अजिबात चालत नाही तेच. हेल्मेट न घालता गाडी चालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. काही आठवडे बस, रिक्षा किंवा कुणाच्या चारचाकीची सोय लावणे हा उपाय, आणि ती सोय शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी लावावी. दुसरी अडचण मे महिना. मुलांच्या शस्त्रक्रिया शाळा बुडू नये म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवण्याकडे पालकांचा कल असतो. पण चाळीस अंशांच्या उकाड्यात जाड पट्टीखाली घाम येतो, खाज सुटते आणि पोराचा हात सारखा तिथे जातो. शिवाय सगळी मित्रमंडळी पोहायला जात असताना याने काठावर बसायचे. दिवाळीच्या सुट्टीला जोडून एखादा आठवडा रजा काढणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

कान जोडल्यानंतर जपण्याची ही जाण आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि फाटलेली पाळी सांधण्याचा आहे. पाळी जोडण्याच्या १५ रीती तिथे नावानिशी दिल्या आहेत. पाळी उरलीच नसेल तर गालाचे मांस वळवून ती करण्याची रीतही त्यांत आहे. सांधलेल्या कानाचे पथ्य सांगताना ग्रंथकाराने कान चोळणे, दिवसा झोपणे, व्यायाम, अतिजेवण, मैथुन, विस्तवाची धग आणि फार बोलणे वर्ज्य केले आहे. यांतले प्रत्येक कलम आजच्या शास्त्राला पटेलच असे नाही, पण जखमेला धक्का लागू नये आणि रक्ताचा जोर वाढू नये ही दृष्टी ओळखीची आहे. जड झुब्यांनी, कुड्यांनी भोक ओघळून पाळी दुभंगलेल्या बायकांवर आज होणारी शस्त्रक्रिया त्या परंपरेच्या जास्त जवळची. ती पाळी कातडीची आणि चरबीची. तिच्यात कूर्चा नसते, म्हणून परत फिरण्याची ओढही नसते. अर्ध्या तासात, जागेपणी टाके घालून माणूस घरी जातो. दोन्ही गोष्टी ‘कानाचे प्लास्टिक सर्जरीचे काम’ या एकाच नावाखाली सांगितल्या जातात आणि शेजारणीचे सोपे गेले म्हणून आपलेही जाईल असा समज होतो. तो समज काढून टाकायला कूर्चेचा हा एक फरक पुरेसा आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप शौकाचा. धडधाकट कानाला सुरी का लावायची? हा पेच कायद्यालाही सुटलेला नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमांत आरोग्यसेवा करमुक्त आहे. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी त्यातून वगळली आहे. आणि जन्मजात दोष, वाढीतली विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना पूर्ववत करायची असेल तर ती पुन्हा सवलतीत घेतली आहे. जन्मतः न पडलेली मुरड हा दोष की नुसती ठेवण? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत तर रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बहुधा वगळलेलीच असते, तेव्हा खर्च खिशातून धरूनच चालावे. दातांना तारा लावताना मात्र आपण हा प्रश्न विचारत नाही. तिथेही पुष्कळदा चावण्यात अडचण नसते, हसणे सुधारायचे असते, आणि वर्ष-दीड वर्ष मुलाने ते सोसायचे असते. दात सरळ करणे हे पालकांचे कर्तव्य आणि कान मागे घेणे ही मिजास, हा भेद सवयीचा आहे, तत्त्वाचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चिडवणाऱ्यांना सुधारायचे सोडून चिडवल्या जाणाऱ्याला का कापायचे? हसतील त्यांचे दात दिसतील, असे म्हणून पोराला खंबीर करावे. यात तथ्य आहे, आणि शाळेने, शिक्षकांनी हे काम केलेच पाहिजे. पण खंबीरपणाची परीक्षा आठ वर्षांच्या मुलाने रोज द्यावी आणि ती त्याच्या वतीने आपण मंजूर करावी, हा न्याय मला एकतर्फी वाटतो. या विषयावर झालेल्या अभ्यासांत बहुतेक मुलांचा आत्मविश्वास आणि मिसळण्याची तयारी शस्त्रक्रियेनंतर वाढलेली आढळली आहे. त्याचबरोबर एक इशाराही मिळतो. ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा जी मुले आधीपासूनच फार एकाकी आणि खचलेली होती त्यांना फायदा कमी झालेला दिसला. तिथे कान हे दुःखाचे एक कारण असते, मूळ नसते. मोठ्यांतही ज्यांना आपला एखादा अवयव विद्रूप असल्याचा ध्यास लागलेला असतो त्यांचे समाधान सुरीने होत नाही. कान झाले की नाक सुरू होते. अशांना चांगला सर्जन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो आणि टेबलावर घेत नाही.

यातूनच वयाचा प्रश्न येतो. पाच-सहा वर्षांपर्यंत कान मोठ्या माणसाच्या कानाच्या जवळपास वाढलेला असतो, आणि कूर्चा अजून लवचीक असते, म्हणून शाळेच्या सुरुवातीचे वय सोयीचे, असे पुस्तके सांगतात. अनेक पालक याचा अर्थ असा घेतात, की चिडवाचिडवी सुरू व्हायच्या आत उरकून टाकू. इथे माझे मत वेगळे आहे. ज्या मुलाला कानाचे काहीच वाटत नाही, ते पट्टी ओढणार, हेडबँड फेकणार आणि ‘मला कशाला बांधलंय?’ असे विचारणार. त्याच्याकडे उत्तर नसते. ज्या मुलाने स्वतः ‘माझे कान असे का?’ म्हणून विचारले, तेच मूल पाठीवर झोपायला तयार होते. कूर्चेचा हिशेब आणि संमतीचा हिशेब इथे एकाच जागी येऊन मिळतात. वाट पाहिल्याने फारसे बिघडत नाही. कूर्चा वयाबरोबर टणक होते, टाक्यांच्या जोडीला खरवडणे जास्त लागते, एवढेच. तिशी-चाळिशीतही ही शस्त्रक्रिया होते.

तिसरा आक्षेप सोप्या वाटेवाल्यांचा. चीर न देता सुईने टाके घालून ‘जेवणाच्या सुट्टीत’ कान मागे घेऊन देणाऱ्या जाहिराती दिसतात. मोठ्यांच्या कानामागे लावायच्या चिकटपट्ट्या विकल्या जातात. चिकटपट्टीचे उत्तर सोपे: ती असेतोवर कान मागे, निघाली की पुढे. वाढ झालेल्या कूर्चेला ती काही शिकवत नाही, कातडीला पुरळ मात्र देते. चिरेविना टाक्यांची पद्धत खोटी नाही. मऊ कूर्चा आणि किरकोळ दोष असेल तिथे ती निभावते. पण जाड, ताठ कूर्चेला नुसत्या टाक्यांनी धरायचे तर सगळा ताण टाक्यांवर राहतो, आणि मग एकतर टाका कातडीतून डोकावतो किंवा कान हळूहळू बाहेर निघतो. पूर्ण शस्त्रक्रियेतही काही कान असे परत फिरतात आणि दुसऱ्यांदा दुरुस्ती लागते. मधला भाग जास्त ओढला जाऊन वरचे टोक आणि खालची पाळी पुढे राहिली, तर कान समोरून जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरसारखा दिसतो. सर्जन त्याला ‘टेलिफोन इअर’च म्हणतात. ‘शंभर टक्के हमी’ लिहिलेली जाहिरात या सगळ्यावर पांघरूण घालते, म्हणून अशा जाहिरातीवर सरळ फुली मारावी.

सोनारानेच कान टोचावेत, ही म्हण इथे शब्दशः घ्यावी. प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी असलेले, किंवा कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेत या कामाचा सराव असलेले डॉक्टर शोधावेत; महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासता येते. पहिल्या भेटीत त्यांनी अंतर मोजले का, दोन्ही कान वेगवेगळे पाहिले का, वर्षभरानंतरचे फोटो दाखवले का, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार हे सांगितले का, याकडे लक्ष द्यावे. आपल्या वर्णाच्या कातडीत वण फुगून गाठ होण्याची, म्हणजे कीलॉइडची, शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते आणि कान ही त्याची आवडती जागा. पूर्वी कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का, दंडावरच्या लशीची खूण फुगली आहे का, घरात कुणाला तसे आहे का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण होऊन सांगावे. कानामागची शिवण समोरून दिसत नाही हे खरे. पण गाठ आली तर ती खाजते, दुखते आणि महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यायला लावते.

सुरीशिवाय कान वळवता येण्याचा एक काळ खरोखर असतो, पण तो फार आखूड आहे. जन्माच्या वेळी आईकडून आलेल्या इस्ट्रोजेन संप्रेरकामुळे बाळाची कूर्चा विलक्षण मऊ असते. ते संप्रेरक पहिल्या काही आठवड्यांत ओसरते आणि कूर्चा ताठरू लागते. १९८४ मध्ये जपानच्या मात्सुओ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या मुदतीत कानाच्या वळीत योग्य आकाराची मऊ पट्टी बसवून ती चिकटपट्टीने काही आठवडे धरली, तर मुडपलेले, वेडेवाकडे कान शस्त्रक्रियेविना सुधारतात. आज त्यासाठी तयार साचेही मिळतात. जितक्या लवकर सुरुवात तितका निकाल चांगला. दोन-तीन महिन्यांनंतर फारसा उपयोग राहत नाही. आपल्याकडे बाळाचा कान बारकाईने पाहण्याचा एक दिवस परंपरेनेच ठरलेला आहे. अनेक घरांत बाराव्या दिवशी, बारशाला, सोनार येतो, बाळाचा कान दोन बोटांत धरतो आणि तार ओवतो. पुढच्या वेळी घरात पाळणा हलेल तेव्हा त्या दिवशी भोकाची जागा बघताना कानाची मुरडही बघा, आणि ती पडलेली नसेल तर त्याच आठवड्यात बाळाला डॉक्टरांकडे न्या.